कुल्लूची शाल आणि आपले शाल-श्रीफळ

(मंडळाच्या मार्गशीर्ष महिन्यातील सभेत केलेले भाषण)



थंडीचे दिवस आहेत, तेव्हा तुमच्या त्या कुल्लूच्या शालीबद्दल चार शब्द सांगा, असा आपल्या चिटणीसबाईंनी मला आग्रह केला. उभे राहून बोलायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण जे काम मी सव्वा महिना रोज डोळ्यांनी पाहिले, त्याबद्दल बोलायला फार शिकलेले असावे लागत नाही, असा विचार करून मी हो म्हटले. शाल बरोबर आणली आहे. मी बोलत असताना ती एकीकडून दुसरीकडे फिरू द्या. हात लावून पाहा, उलटसुलट करून पाहा. मात्र ज्यांचे वडे खाऊन झाले असतील त्यांनी आधी हात पुसावेत!

आता मी कुल्लूला कशी पोहोचले ते सांगते. माझे धाकटे दीर पाच वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त तिकडे होते. धाकट्या जाऊबाईंचे बाळंतपण तिकडेच करायचे ठरले आणि ऐन थंडीत मी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असे सगळे बोचके घेऊन गेले. कुल्लू हे हिमाचल प्रदेशातले गाव, बिआस नदीच्या काठी. उंचीने म्हणाल तर आपल्या महाबळेश्वराहून ते थोडे खालीच आहे. पण देश उत्तरेचा आणि चहूकडे बर्फाचे डोंगर, त्यामुळे थंडी अशी, की धुतलेले लंगोट दोन दोन दिवस वाळत नसत. तिथल्या बायका पट्टू नावाचे जाड लोकरीचे वस्त्र अंगाभोवती गुंडाळून खांद्यापाशी चांदीच्या टाचण्यांनी अडकवतात, आणि तशाच गोठ्यात जातात, लाकडे आणतात, मुले पाठीशी घेतात. आपल्याकडे शाल ही समारंभाची वस्तू. तिकडे ती रोजच्या कामाची.

दिरांच्या बिऱ्हाडाला लागूनच एका विणकर बाईचे घर होते. सगळेजण तिला भाभी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. बाळ-बाळंतिणीची न्हाणीधुणी आटोपली, की दुपारी तास दीड तास मी तिच्या मागापाशी जाऊन बसत असे. माझे हिंदी मोडकेतोडके, तिचे बोलणे पहाडी वळणाचे. पण स्वयंपाक, लेकरे आणि विणकाम या तीन गोष्टींना भाषा फारशी लागत नाही. मला जे कळले ते तिथेच कळले.

मागाला तिकडे खड्डी म्हणतात. पूर्वी जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून विणायला बसत. आता बहुतेक ठिकाणी लाकडी चौकटीचे उभे माग आहेत. मागावर आधी उभे धागे ताणून घेतात, तो ताणा. त्यातून आडवा धागा धोट्याने इकडून तिकडे जातो, तो बाणा. पायाखालची पट्टी दाबली की उभ्या धाग्यांतले काही वर उचलले जातात, मधून धोटा जातो, आणि फणी ठोकून धागा घट्ट बसवतात. शालीचा मधला भाग, म्हणजे ही जी साधी राखी जमीन तुम्हाला दिसते आहे, ती अशी भराभर विणली जाते. खटक खटक आवाज चालू असतो आणि कापड पुढे सरकत असते.

पण नक्षीचा पट्टा आला की आवाज बंद! तिथे धोट्याचे काम थोडे आणि बोटांचे फार. भाभी वाकून ताण्याचे धागे मोजायची. इतके सोडले, इतके उचलले, त्यांच्या खालून लाल लोकर घातली, मग पुन्हा मोजले, पिवळी घातली, मग हिरवी. प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या घरापुरताच जायचा आणि तिथूनच परत फिरायचा. अशी एक ओळ पुरी झाली की फणी ठोकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचे. एका पट्ट्यात आठ आठ रंगही असतात. साधी बारीक किनार असलेली शाल दोनचार दिवसांत उतरते, पण भरगच्च पट्ट्यांच्या शालीला महिना लागतो, कधी त्याहूनही अधिक. तुमच्या हातातली शाल साधारण 1 मीटर रुंद आणि 2 मीटर लांब आहे. ती मागावर चढली तेव्हा आमचे बाळ पाच दिवसांचे होते, आणि उतरली तेव्हा ते माणसे ओळखून हसू लागले होते.

या शालीवर सगळे चौकोन, त्रिकोण, शंकरपाळ्यांसारखे आकार आणि पायऱ्या पायऱ्यांच्या रेघा आहेत. एकही गोल फूल किंवा वळणदार वेल नाही. मीही भाभीला विचारले, की तुम्ही कोयरी का काढत नाही? ती हसली आणि मला फणीजवळ बोलावून धागे दाखवले. मग माझ्याच लक्षात आले. आपण लहानपणी दोसुतीवर फुलीचा टाका घातला आहे ना? त्यावर गुलाब काढायला गेले तरी पाकळीच्या कडेला पायऱ्या पडतात, कारण कापडालाच उभ्याआडव्या धाग्यांची घरे असतात. इथेही तसेच. ताणा उभा, बाणा आडवा. दर ओळीला एक धागा पुढे सरकलात तर तिरकी रेघ मिळते, दोन्ही बाजूंनी सरकलात तर त्रिकोण मिळतो, आणि तोच उलटा आणलात की शंकरपाळे पुरे होते. ही नक्षी कागदावर काढून मग कापडावर उतरवलेली नव्हे. ती मोजणीतूनच उगवते. भाभीपुढे कागदही नव्हता. सगळे आकडे तिला तोंडपाठ होते, जशी आपल्याला पुरणाची मापे.

एक दिवस दुपारी मी गेले, तर भाभी विणलेले उसवत बसली होती. बोटभर नव्हे, चांगली चार बोटे नक्षी! एका ठिकाणी एक धागा कमी मोजला गेला होता. मी म्हटले, "अगं, एवढंसं कुणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "दीदी, घेणाऱ्याला दिसणार नाही. पण पुढची ओळ याच्यावर उभी राहायची आहे." दोन दिवसांची मजुरी तिने उसवून टाकली आणि पुन्हा मोजायला लागली. तेव्हापासून ही शाल अंगावर घेताना मला लोकरीआधी ती मोजणी आठवते.

आता ही नक्षी तिथे आली कुठून, तेही सांगते. कुल्लूचे जुने पट्टू साधे असत. मेंढीच्या अंगचा जो रंग, पांढरा, करडा, तपकिरी, काळा, तोच वस्त्राचा. सतलज नदीच्या खोऱ्यातल्या बुशहर आणि किन्नौर भागातले विणकर पुढे कुल्लूत आले, आणि त्यांनी ही रंगीत भूमितीची नक्षी बरोबर आणली. शहरी मापाची शाल मात्र अलीकडची. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना बोलपटांतल्या देविका राणी माहीत असतील. त्या 1942 साली कुल्लूला आल्या असताना बनोंतर गावच्या शेरूराम नावाच्या विणकराने त्यांच्या सांगण्यावरून पहिली शहरी मापाची शाल विणून दिली, असे तिकडे सांगतात. पुढे 1945 साली देविका राणींचे लग्न झाले ते चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी, आणि रोरिक कुटुंबाचे घर कुल्लूच्याच खोऱ्यात नग्गरला होते.

याच सुमारास, 1944 साली, भुट्टी गावच्या विणकरांनी आपली सहकारी संस्था काढली. ती मोडकळीला आली असताना 1956 साली ठाकूर वेदराम यांनी ती हाती घेतली आणि पुन्हा उभी केली. आज ती देशभर नावाजलेली आहे. अशा संस्था निघाल्या, म्हणून घरच्या घरी माग चालवणाऱ्या बायकांना सूत मिळू लागले आणि मालाला गिऱ्हाईक मिळाले. कुल्लूत शेतीचे आणि सफरचंदाच्या बागांचे काम थंडीत थांबते. तेव्हा घर न सोडता, चूल आणि लेकरे सांभाळून चार पैसे मिळवायचे साधन म्हणजे हा माग. आपल्यापैकी ज्या पापड, मसाले करून संसाराला हातभार लावतात, त्यांना याचे मोल मी सांगायला नको.

लोकरीबद्दल दोन शब्द सांगते. आपल्याला घोंगडी ठाऊक आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, म्हणून सणगर मंडळी सुताला चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणतात; ती पावसालाही दाद देत नाही, पण अंगाला टोचते. कुल्लूच्या स्थानिक मेंढीची लोकरही थोडी जाडच. म्हणून नाजूक शालींना मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर वापरतात, काहींना अंगोरा सशाची, तर फार महागाच्या शालींना पश्मिना. ऊब येते कशाने, तर लोकरीचा तंतू सरळ नसतो, कुरळा असतो. त्या कुरळेपणात हवा अडकून राहते, आणि ती अडकलेली हवा आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून दवात, धुक्यात लोकरीची शाल जड वाटत नाही.

आता जे मनाला लागले ते सांगते. भाभीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बाजार होता. तिथे प्रवाशांच्या गाड्या थांबत. दुकानांतून शालींचे ढीग, तेच त्रिकोण, तेच पट्टे, आणि किंमत भाभीच्या शालीच्या चौथाईसुद्धा नाही. त्या शाली यंत्रमागावरच्या, कित्येक तर लोकरीच्याही नव्हेत, ॲक्रिलिक धाग्याच्या. उतारू येत, चार चार घेत, आणि "कुल्लूच्या शाली" म्हणून घरोघर वाटायला नेत. भाभी एकदा म्हणाली, "आमच्या गावाचं नाव विकलं जातं आणि आमचा माल घरात पडून राहतो." तिच्या मुलीची कॉलेजची फी त्या मागावर चालली होती. मुलगी विणायला शिकायला तयार नव्हती. "आई मोजता मोजता म्हातारी झाली, मी नाही मोजणार," म्हणायची. तिचे तरी काय चुकले? ज्या मोजणीला मोल नाही, ती पुढच्या पिढीने का शिकावी?

माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्रमागावर पोट भरणारी माणसेही आपलीच आहेत. यंत्रावरची वस्तू यंत्रावरची म्हणून विकावी, स्वस्त म्हणून घ्यावी. भांडण आहे ते उसन्या नावाशी. सरकारनेही हे ओळखले आहे. 1985 च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. 2008 च्या आदेशात अशा 11 प्रकारांची यादी आहे आणि तिच्यात शालही आहे. पुढे गावाच्या नावाला संरक्षण देणारे भौगोलिक मानांकन आले. 2005-06 या एकाच वर्षाच्या नोंदींत आपली सोलापुरी चादर आणि कुल्लूची शाल, दोघी जोडीने बसल्या आहेत. नंतर किन्नौरच्या शालीलाही ते मिळाले. कायदा झाला, शिक्काही झाला. पण दुकानात उभे राहून शाल उलटून पाहणार कोण? ते काम आपलेच.

तेव्हा पारख कशी करायची ते ऐकून ठेवा. पहिली गोष्ट, शाल उलटी करा. यंत्रावरच्या नक्षीत रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो आणि मागच्या बाजूला लांब सुटे धागे राहतात किंवा ते कापलेले दिसतात. हातच्या नक्षीत प्रत्येक रंग आपल्या घरापुरता फिरलेला असतो, म्हणून मागची बाजूही पुष्कळशी नेटकी असते. दुसरी गोष्ट, नक्षी नीट न्याहाळा. हातच्या कामात कुठे ठोका किंचित घट्ट, कुठे किंचित सैल असतोच. सगळे अगदी छापल्यासारखे एकसारखे असेल तर शंका घ्यावी. तिसरी गोष्ट, दशीचा एक धागा काढून जाळून पाहा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक असेल तर ते वितळून त्याची कडक गाठ होते. हे आपल्या घरी, आपल्या शालीवर करावे; दुकानात काडी पेटवू नये! आणि चौथी गोष्ट, भौगोलिक मानांकनाची चिठ्ठी किंवा 2006 सालापासून सुरू झालेले हँडलूम मार्कचे चिन्ह आहे का ते विचारावे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्याला दुकानदार आपण होऊन दाखवतो.

शाल घेतली की ती टिकवलीही पाहिजे. गरम पाणी आणि चोळणे हे लोकरीचे दोन शत्रू. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि शाल आक्रसून जाड होते. म्हणून थंड पाण्यात रिठ्याच्या फेसात हलकेच दाबून धुवावी, पिळू नये, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने ताणते. ठेवणीत टाकण्याआधी ती अगदी स्वच्छ हवी, कारण कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांना आधी. सुक्या कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवावा. पावसाळा संपला की एकदा उलगडून वारा द्यावा आणि घडी बदलून ठेवावी, म्हणजे घडीवर विरत नाही.

आता शेवटचे, आणि ज्यासाठी मी खरे म्हणजे बोलायला उभी राहिले ते. आपल्या मंडळात दर वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात. गेल्या वर्षी आपण 14 जणांना शाली पांघरल्या. त्या शाली कशा होत्या ते आपण सगळ्या जाणतो. सत्कार झालेल्या एका गुरुजींच्या घरी मी गेले होते. त्यांच्या पत्नीने कपाट उघडून दाखवले: प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेल्या 23 शाली! एकही अंगावर घेण्याजोगी नाही. त्यांतली एखादी पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर पडते, तिथून तिसऱ्याच्या. एकच शाल गावभर हिंडते आणि थंडी कुणाचीच जात नाही. ज्या वस्तूने आपण माणसाचा मान करतो, तिला स्वतःला काही मान असावा की नको?

कोषाध्यक्षबाई माझ्याकडे पाहत आहेत, ते मला दिसते आहे! त्यांच्या मनातला प्रश्न रास्त आहे. खरी हातमागाची शाल 14 जणांना द्यायची तर मंडळाची पेटी रिकामी होईल. म्हणून माझी सूचना अशी. वर्षातून एकच शाल द्यावी, पण खरी द्यावी. यंदा कुल्लूची, पुढल्या वर्षी किन्नौरची, त्याच्या पुढल्या वर्षी हवी तर आपल्याच भागातल्या सणगराच्या हातची चांगली घोंगडी. ती अशा व्यक्तीला द्यावी, जिने आपल्या गल्लीसाठी वर्षानुवर्षे काही केले आहे आणि जिच्या अंगावर ती रोज राहील. आपल्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाई पहाटे थंडीत मुलांसाठी पाणी तापवायला जातात, त्यांचे नाव मी आजच सुचवते. बाकीच्या सत्कारमूर्तींना नारळ, एक फूल आणि एक चांगले पुस्तक द्यावे. 14 खोट्या शालींना लागणाऱ्या पैशांत एक खरी शाल आणि 13 लहानशी पुस्तके बसतात की नाही, हा हिशेब मी कागदावर मांडून आणला आहे. बसतो, आणि नारळाचेही निघतात. तो कागद मी कोषाध्यक्षबाईंच्या हाती देते. त्यांनी तपासून पाहावा आणि कार्यकारिणीपुढे ठेवावा.

भाभीला मी अधूनमधून फोन करते. तिचा माग अजून चालू आहे. मुलगी आता एका कचेरीत लागली आहे, आणि सुटीच्या दिवशी आईजवळ बसून एखादी ओळ मोजते, असे परवाच कळले. आपल्या एका शालीने तिचा संसार चालणार नाही, हे मला समजते. पण एका मंडळाने विचारले, शाल उलटून पाहिली आणि योग्य मोल दिले, तर दुसरे मंडळही तसे करील. आपल्या तालुक्यात मंडळे काही थोडी नाहीत.

माझे बोलणे बरेच लांबले.  शाल कुणाकडे पोहोचली आहे? एकदा सगळ्यांची पाहून झाली की कृपा करून माझ्याकडे परत येऊ द्या, कारण आज घरी जाताना गारठा बराच असणार आहे.